एका गुंडीत किती पीळ? विनोबांचं सूत आणि आध्यात्मिक शोधाचा पुरावा

‘आध्यात्मिक शोध’ हा शब्द संशोधनाच्या आराखड्यात आला की समोरून पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा पुरावा काय? प्रश्न रास्तच आहे. एखादा माणूस वर्षानुवर्षं सूत कातत होता, मागावर बसत होता, हे कागदपत्रांवरून दाखवता येतं. पण हे करताना तो सत्याचा किंवा स्वतःचा शोध घेत होता, हे कशावरून म्हणायचं? त्याने तसं म्हटलं म्हणून? की त्याच्या भक्तांनी तसं लिहून ठेवलं म्हणून?

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. माझा विषय खादीचं तंत्र हा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. आज त्याचं उत्तर एका उदाहरणातून मांडते: विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. आपल्याला ते भूदानाचे आणि ‘गीताई’चे विनोबा म्हणून माहीत असतात. विणकर आणि कातणारे विनोबा मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतात. माझं म्हणणं असं आहे की त्यांच्या शोधाचा सर्वांत भक्कम पुरावा प्रवचनांपेक्षा सुताच्या हिशोबात सापडतो.

काशीला निघालेला मुलगा मागापाशी कसा पोहोचला

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. गाव गागोदे, तालुका पेण, म्हणजे तेव्हाचा कुलाबा जिल्हा. वडील नोकरीनिमित्त बडोद्यात होते आणि कापडाच्या रंगाचे प्रयोग करायची त्यांना आवड होती. आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी. एकाच घरात एकीकडे रंगाचे प्रयोग आणि दुसरीकडे अभंग. चरित्रकार बहुतेक आईबद्दल भरभरून लिहितात आणि वडिलांना दोन वाक्यांत उरकतात. मला वाटतं, पुढचे विनोबा समजून घ्यायला दोघंही लागतात.

२५ मार्च १९१६ ला विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि मध्येच सुरतला उतरून काशीच्या वाटेला लागले. शाळेची प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत गेली होती. मनात दोन ओढी होत्या: एक हिमालयाची, म्हणजे शांतीची, आणि दुसरी बंगालची, म्हणजे क्रांतीची. काशीत त्यांच्या वाचनात गांधींचं बनारस हिंदू विद्यापीठातलं भाषण आलं. ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झालं होतं आणि बरंच गाजलं होतं. विनोबांनी पत्र लिहून शंका विचारल्या, उत्तर आलं, पुन्हा विचारल्या. शेवटी ‘आश्रमात येऊन बघ’ असं बोलावणं आलं. ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात दोघांची भेट झाली.

ब्रह्माच्या शोधात निघालेल्या वीस वर्षांच्या मुलाला आश्रमात मिळालं काय? स्वयंपाक, दळण, झाडलोट आणि विणकाम. सुरुवातीला तिथे गिरणीच्या सुताची नवार विणली जाई, म्हणजे खाटेला लावतात ती जाड पट्टी. विनोबाही ती विणायला बसले.

इथे एक गंमत लक्षात घ्या. १९१६ मध्ये आश्रमात चरखा नव्हताच. ‘हिंद स्वराज्य’मध्ये हातमाग-चरख्याबद्दल लिहिलं तेव्हा आपण ती साधनं पाहिल्याचंही आठवत नाही, अशी कबुली गांधींनी आत्मकथेत दिली आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला माळ्यावर पडलेले चरखे शोधून काढले. म्हणजे आधी माग आला, मग चरखा. विनोबांचा प्रवासही तसाच, विणण्याकडून कातण्याकडे झाला. तयार सुतावर अवलंबून विणणं त्यांना अर्धवट वाटू लागलं आणि ते धाग्याच्या मुळाकडे गेले.

मध्ये एक वर्ष ते वाईला होते. प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्ताचा अभ्यास करून ठरल्या मुदतीत आश्रमात परतले. मग ८ एप्रिल १९२१ ला जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे ते वर्ध्याचा आश्रम चालवायला आले आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी त्या परिसराशी नातं ठेवलं.

थोडं तंत्र: तार, लटी, गुंडी, नंबर

पुढचा मुद्दा कळायला सुताचं माप माहीत हवं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा भाग गाळू नये, कारण खादीच्या कागदपत्रांत हे शब्द पानोपानी येतात.

कातलेलं सूत फाळक्यावर गुंडाळतात. फाळक्याचा एक फेरा चार फुटांचा, त्याला एक तार म्हणतात. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. ६४० गुणिले ४ म्हणजे २५६० फूट, साधारण ८५३ वार. गिरणीतली गुंडी ८४० वारांची असते, म्हणजे दोन्ही मापं जवळपास सारखीच. एका पौंडात अशा जितक्या गुंड्या बसतात तो सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. १६ नंबरच्या सुताची एक गुंडी एक औंसाची, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमची भरते.

आता पीळ. कापसाचे तंतू जेमतेम इंचभर लांब. त्यांना जोडणारा डिंक वगैरे काही नसतो. पीळ दिल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने धरून राहतात. पीळ कमी पडला तर तंतू सरकून धागा सुटतो, जास्त झाला तर त्याला आकडी पडते. गिरणीतला ढोबळ नियम असा की ताण्याच्या सुताला दर इंचाला नंबराच्या वर्गमुळाच्या चौपट पीळ लागतात. १६ चं वर्गमूळ ४, म्हणून इंचाला १६ पीळ. वाराला ५७६. एका गुंडीला सुमारे चार लाख नव्वद हजार. आणि हे सगळे पीळ सारखे पडायला हवेत, कारण धागा तुटतो तो सर्वांत कच्च्या जागी.

कापडाचा हिशोबही बघा. इंचाला ४० उभे आणि ४० आडवे धागे असलेलं साधं कापड धरलं, तर एका चौरस वाराला २८८० वार सूत लागतं, म्हणजे जवळपास साडेतीन गुंड्या. तुटफूट धरून चार म्हणा. सराव असलेला माणूस चरख्यावर तासाला चारशे वार कातू शकला तर एका गुंडीला दोन तास लागतात. मग आठ तास कातून हातात काय येतं? चार गुंड्या, म्हणजे एक चौरस वार कापडापुरतं सूत. कापूस पिंजणं, पेळू करणं, ताणा लावणं, खळ देणं आणि विणणं अजून बाकीच.

हे आकडे डोक्यात ठेवून विनोबांकडे परत जाऊ.

धुळ्याचा तुरुंग आणि नालवाडी

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात अठरा रविवारी त्यांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं तयार झालं.

चौथ्या अध्यायावर बोलताना त्यांनी ‘विकर्म’ या शब्दाचा स्वतःचा अर्थ लावला. पारंपरिक भाष्यांत विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबांच्या मते विकर्म म्हणजे बाहेरच्या कर्माला मिळालेली आतल्या मनाची जोड. कर्माला विकर्म मिळालं की त्याचं ओझं उरत नाही, त्याचं अकर्म होतं. नुसतं हात हलवणं म्हणजे साधना नव्हे आणि हात न हलवता नुसतं मन लावणंही अपुरंच. कातणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल. लक्ष उडालं की पेळू ओढायचा वेग आणि चातीचा वेग यांचा मेळ सुटतो आणि धागा तुटतो. मन कुठे गेलं होतं, हे चाती ताबडतोब सांगते.

इथपर्यंत सगळं सिद्धान्ताचं. माझ्या दृष्टीने खरा पुरावा पुढे आहे. सुटकेनंतर डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलित वस्तीच्या गावात राहायला गेले आणि तिथे त्यांनी कातण्याच्या मजुरीवर जगायचा प्रयोग केला. दिवसाचे आठ-आठ तास कातायचं, चरखा संघाच्या दराने मजुरी धरायची आणि तेवढ्यातच स्वतःचं भागवायचं. डाव्या हाताने, उजव्या हाताने, चरख्यावर, टकळीवर, कसं कातलं की थकवा कमी येतो आणि सूत जास्त निघतं, याचीही ते नोंद ठेवत. कातताना शिकवणंही चालू असे.

या प्रयोगाकडे दोन तऱ्हेने बघता येतं. एक, हे तप आहे: देहाला कष्ट, अन्न मोजकं. दुसरं, हे मोजमाप आहे. खेड्यातल्या बाईला आपण सांगतो की कात, त्यात तुझी मुक्ती आहे, देशाचीही आहे. पण तिला त्यात पोटभर जेवण मिळतं का? दिवसभर, कसलेल्या हाताने, अखंड लक्ष देऊन कातणाऱ्याला जी मजुरी पडते तिच्यात जगता येत नसेल, तर दोष तिच्या आळसात नसून दरात आहे. आठ तासांत एक चौरस वार कापडापुरतं सूत, हा हिशोब वर केलाच आहे. काही आण्यांपलीकडे मजुरी जाणं शक्यच नव्हतं.

हे सगळं वस्तीतल्या झोपडीपुरतं राहिलं नाही. १९३५ मध्ये गांधींनी कातणाऱ्यांना जीवनवेतन द्यायचा मुद्दा लावून धरला. तासाला एक आणा, आठ तासांना आठ आणे, असा त्यांचा आग्रह होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अखिल भारत चरखा संघाने ठराव केला की आठ तासांच्या नीट कामाला पुरेसं कपडालत्ता आणि शास्त्रीय मापाने किमान अन्न मिळेल इतकी मजुरी असावी. खादी महाग होईल, विक्री घटेल, ही भीती कार्यकर्त्यांना होतीच. प्रत्यक्ष दर आठ आण्यांच्या बरेच खाली राहिले. तरी ‘स्वस्त खादी’कडून ‘न्याय्य खादी’कडे मोहरा वळला. या बदलामागे अनेक कारणं होती, विनोबांचा प्रयोग त्यातला एक. पण तो ज्या जातीचा पुरावा होता तसा दुसरा नव्हता: दर ठरवणाऱ्यांच्याच वर्तुळातल्या एका माणसाने तो दर स्वतःवर लावून पाहिला होता.

जगात याच सुमाराला एक समांतर उदाहरण सापडतं. फ्रान्समध्ये सिमोन वेय ही तत्त्वज्ञानाची शिक्षिका डिसेंबर १९३४ पासून काही महिने पॅरिसच्या कारखान्यांत कामगार म्हणून राबली. तिच्या कारखान्यातल्या रोजनिशीत किती नग झाले, नगामागे किती दर, दिवसाला किती मिळाले, हे लिहिलेलं आहे. पुढे ‘अवधान म्हणजेच प्रार्थना’ या दिशेने जाणारं तिचं लेखन जगभर वाचलं गेलं. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण दोघांच्याही शोधाची वही उघडली तर आधी आकडे दिसतात.

आक्षेप, आणि ते मनावर घ्यायला हवेत

इथे थांबले तर हा लेख आरती होईल. तेव्हा तीन आक्षेप.

पहिला रवींद्रनाथ ठाकुरांचा. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय चरख्याचे प्रचारक झाले होते आणि रवींद्रनाथ चरख्याबाबत उदासीन आहेत अशी त्यांनी जाहीर टीका केली. त्याला रवींद्रनाथांनी १९२५ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त दीर्घ लेखाने उत्तर दिलं. मुद्दा असा की तेच ते काम करत राहिल्याने माणसाचं मन जड होतं आणि सगळ्यांनी एकच काम करावं या आग्रहात विचार मरतो. विनोबांचं विकर्म या आक्षेपाला उत्तर देतं, पण अर्धंच. स्वतः प्रयोग आखणाऱ्याचं मन जागं राहतं हे खरं. दुसऱ्याने नेमून दिलेल्या कामात तसं होईलच असं नाही.

दुसरा डॉ. आंबेडकरांचा. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं’ या अर्थाच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. त्यात ते म्हणतात की माणसाला संस्कृती घडवायची तर फुरसत हवी आणि ती फुरसत यंत्रामुळे मिळते. यंत्राचा दुरुपयोग होत असेल तर समाजरचना बदला, यंत्राला दोष देऊ नका. आठ तासांत एक चौरस वार, हे गणित या आक्षेपाच्या बाजूचं आहे, हे मान्य केलंच पाहिजे.

तिसरा आक्षेप पुस्तकातला नाही, तो विणकरांचा. मी कल्याणजवळ राहते. इथून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे गेलं की यंत्रमागांची खडखड सुरू होते. या धंद्याची मुळं तिथल्या हातमागवाल्या मोमीन विणकरांपर्यंत जातात. यांतल्या बऱ्याच घराण्यांचे पूर्वज उत्तर भारतातून आले. म्हणजे कबीर ज्या जुलाहा समाजात वाढले त्याच परंपरेतले हे लोक. साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन, अशा पिढीजात विणकरांना खादी चळवळीत एक साधी व्यावहारिक अडचण होती. हौशी कातणाऱ्यांचं सूत ताण्यावर टिकत नसे. धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची आणि मजुरी मात्र वारावर. म्हणून अनेक विणकर गिरणीचं सूतच पसंत करत. ज्याला आश्रमात साधना म्हणत, त्याचा कच्चा पीळ विणकराच्या ताटातून वजा होत होता.

शिवाय विनोबांनी मागावर बसायचं ठरवलं होतं. विणकराच्या मुलाला तसं ठरवायची सोय नव्हती. ब्राह्मण तरुणाने विणलं तर तो शोध, आणि कोष्ट्याने विणलं तर ती जात: आपल्या लिखाणात ही वाटणी नकळत शिरते. कबीरांचं सोडा, त्यांचे शब्द उरले. बाकी लाखो विणकरांनी मागावर बसून काय शोधलं असेल, ते ‘धंदा’ या रकान्यात बंद होतं.

मग यंत्राला विरोध होता का?

नव्हता, निदान इतका सरळ नव्हता. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या आहेत: आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० वार सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, यंत्र वीस वर्षं टिकावं. तासाला २,००० वार, म्हणजे हाताच्या पाचपट. यासाठी आपल्याकडे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातही चरखा तयार झाला. पण सगळ्या अटींत कोणतंच यंत्र बसलं नाही आणि बक्षीस कुणालाच मिळालं नाही. ही स्पर्धा म्हणजे कष्ट कमी व्हायला हवेत याची जाहीर कबुली होती. साधनेसाठी थकवा आवश्यक आहे, असं निदान चरखा संघ म्हणत नव्हता.

आपण यातून काय घ्यायचं

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तीन गोष्टी.

१. रूपकाच्या आधी वस्तू बघा. ‘सूत्र’ हा शब्दच धाग्यावरून आलेला आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात सूत्रात ओवलेल्या मण्यांची उपमा आहे, कबीरांच्या नावावरच्या रचनांत ताणा-बाणा सतत येतो. पण ताणा कसा लावतात हे माहीत नसताना या उपमांवर लिहिलं तर लिखाण हवेत राहतं.

२. श्रद्धेच्या दाव्याला मोजता येईल असा परिणाम शोधा. विनोबांनी ‘कातणं ही उपासना आहे’ असं म्हटलं, हा पुरावा कमकुवत आहे, तसं म्हणणारे शेकडो होते. मजुरीच्या दरावर त्यांनी स्वतःचं जेवण बेतलं, हा पुरावा भक्कम आहे. शोध प्रामाणिक असेल तर तो कुठेतरी शोधणाऱ्याला महाग पडतो. ती किंमत कुठे दिसते, ते बघा.

३. तोच प्रश्न ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांनाही विचारा. कातणाऱ्या बाया, विणकर, रंगारी यांच्याबद्दल चरखा संघाचे अहवाल, जुनी गॅझेटियर आणि मजुरीचे तक्ते बोलतात. गांधींच्या समग्र वाङ्मयाचे १०० खंड आता इंटरनेटवर सहज मिळतात, १९३५ चे खंड आधी काढा. जमलं तर वर्ध्याला मगन संग्रहालयात जा. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात चरख्यांचे नाना प्रकार बघायला मिळतात. चातीला बोट लावल्यावर जे कळतं ते पीडीएफमध्ये कळत नाही.

शेवटी एक छोटी नोंद. गांधींच्या अस्थींचं विसर्जन १२ फेब्रुवारी १९४८ ला झालं, पवनारला धाम नदीतही झालं. पुढे त्या दिवशी प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, अशी प्रथा विनोबांनी सुरू केली. तिचं नाव सूतांजली. फुलं किंवा पैसे नकोत, एक गुंडी, म्हणजे ६४० तार. ज्या मापाने मजुरी मोजायची त्याच मापाने श्रद्धांजलीही मोजायची. १६ नंबरचं सूत धरलं तर वजन २८ ग्रॅम, वेळ दोन तास आणि पीळ सुमारे पाच लाख. ‘याचा पुरावा काय?’ असं कुणी विचारलं तर मी हाच हिशोब पुढे ठेवते.